पाठराखण: विषय समितीपुढे आहे

रविवार, १६ एप्रिल २००६ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एका खोल दरीवरच्या झुलत्या पुलावर एका राक्षसाने माझ्यावर गदा उचलली. ती अजून खाली आलेली नाही. एवढ्या दिवसांत राक्षसाचा हात भरून आला असेल, पण तशी लेखी तक्रार आमच्याकडे नाही. विलंबाची जबाबदारी माझी आहे, हे आधीच नमूद करतो. नाहीतर ती ठरवायला वेगळी समिती नेमावी लागेल.

पूल पारगावात आहे. प्रबुद्धच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या संगणकाच्या मधल्या टेबलावर, चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला. रविवारी सकाळी नऊ ते एक भारनियमन असायचं, आणि वीज नसलेला कॉम्प्युटर क्लास ही बसायला फार उत्तम जागा असते. खुर्च्या भरपूर, काम काही नाही. प्रबुद्धने पुण्याहून, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून, एका विलायती खेळाच्या नियमांचं पुस्तक आणलं होतं. मुखपृष्ठ नव्हतं, पहिली सोळा पानं नव्हती, त्यामुळे खेळाचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. खेळ सोपा होता. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. प्रबुद्ध सूत्रधार. समोर काय आहे, जंगल की राक्षस, ते तो सांगणार आणि आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं. जमलं की फसलं, हे आकडा काढून ठरायचं. पुस्तकात त्यासाठी वीस बाजूंचा फासा सांगितला होता. तो नारायणगावच्या बाजारातही मिळाला नाही, म्हणून हळदीच्या रिकाम्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. विसाच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

खेळणारे तिघं. अमृत हा साखर कारखान्याच्या शेतकी विभागात कारकून; खेळात तो भस्मनाथ नावाचा मांत्रिक. प्रज्ञा ही प्रबुद्धची चुलत बहीण, डी.एड. झालेली, खेळात ती मैना नावाची भालेवाली. आणि मी, पुण्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. खेळात मी शार्दूल, दोन्ही हातांत तलवारी घेऊन लढणारा. प्रत्यक्षात मला एक हात सोडून सायकल चालवता येत नाही.

उसात बिबट्या दिसला की कुठे, किती वाजता, कोणी पाहिला, एवढं चार ओळींत लिहून पाचच्या आत फॅक्स करायचं, ही माझी रोजची शिस्त. खेळातल्या लढायाही मी तारीख-वेळेसह वहीत नोंदवत होतो. कोणी सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी मैनेला बढती मिळाली. बढती मिळाली की पात्राला एक नवी खुबी घेता येते, एकच, आणि ती पुन्हा बदलता येत नाही. प्रबुद्ध यादी वाचत होता. दुहेरी फेक, मांजरपावली, विषाची चव ओळखणे.

"पाठराखण," त्याने वाचलं. "शेजारच्या साथीदारावर घाव आला तर तो आपल्या अंगावर घेता येतो. दर फेरीला एकदा."

"हीच," प्रज्ञा म्हणाली. "लिही दादा."

"थांबा," मी म्हणालो. "उपयोग काय तिचा?"

"भाऊ, तुमच्या शार्दूलचे जिवाचे तीन गुण राहिलेत. राक्षसाचा फटका सहाचा. माझ्या मैनेकडं एकोणीस आहेत. मी घेते की तो."

"घेशील. पण घाव कमी होत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो. गटाचं एकूण नुकसान तेवढंच. दुहेरी फेक घे. दोन भाले, दोन जखमा. मोजता येतात."

"तुम्ही मरताय भाऊ."

"म्हणूनच मला तटस्थ राहिलं पाहिजे. ज्याचा फायदा आहे त्यानेच होकार दिला तर लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे आम्ही चौघं होतो.

प्रज्ञाला घाई होती, आणि तिचं कारण तिने लपवलं नव्हतं. तिला शिक्षणसेवकाची ऑर्डर आली होती, नंदुरबारकडे, धडगाव तालुक्यात. बारा जूनला हजर व्हायचं, म्हणजे दहाच्या शनिवारी निघायचं. मैना गेली दोन वर्षं, दर रविवारी थोडी थोडी, आपल्या गावाकडे चालत होती. गाव त्या पुलाच्या पलीकडे होतं. "मी जायच्या आत मैना घरी पोचली पाहिजे," प्रज्ञा म्हणाली. "एवढंच आहे माझं. आणि तुमच्यापैकी कुणाला पुलावर टाकून ती जायची नाही."

तिच्याकडे सात रविवार होते. पुलाला एक पुरला असता.

तेवढ्यात अमृतने घसा साफ केला. "पत्रकारांचं बरोबर आहे. आज हिला असं तोंडी दिलं, तर उद्या मी उडायची खुबी मागीन. पायंडा पडतो राव. पोटसमिती नेमू."

यावर कोणी हसलं नाही. आमच्याकडे दूध घालायचं तर संस्था, ऊस घालायचा तर संस्था, नदीचं पाणी उचलायचं तर संस्था. सभेच्या मांडवात वाढलेल्या माणसांना निर्णय घ्यायची एकच रीत माहीत असते: सूचक, अनुमोदक, मंजूर. प्रज्ञासुद्धा म्हणाली, "नेमा, पण पुढच्या रविवारी संपवा." प्रबुद्धने गदा वरच्या वर थांबवली.

समितीत मी, अमृत आणि प्रबुद्ध होतोच, पण निःपक्षपाती अध्यक्ष हवा होता. क्लासच्या पुढच्या गाळ्यात गेणूभाऊंचं झेरॉक्सचं दुकान होतं. गेणूभाऊ निरगुडसरचे, तीस वर्षं विकास सोसायटीचे सचिव राहिलेले. भारनियमनात झेरॉक्सही बंद, त्यामुळे ते लगेच आले. खेळाबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि निःपक्षपातीपणाचा याहून भक्कम पुरावा आम्हाला सुचला नाही.

"राक्षस कुठला?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"काल्पनिक आहे भाऊ," प्रबुद्ध म्हणाला.

"ते ऱ्हाऊ द्या. पूल कुणाच्या हद्दीत? आपल्या का पल्याडच्या? घाव हद्दीबाहेर बसला तर आपल्या समितीला बोलता येत न्हाई."

नकाशा पाहण्यात आला. कागदाची घडी नेमकी पुलाच्या मधोमध होती आणि शार्दूलचा एक पाय घडीच्या अलीकडे, एक पलीकडे होता. साडेबारापर्यंत चर्चा झाली. घाव डोक्यात बसणार असल्याने डोकं ज्या हद्दीत तिथला तो विषय, असं ठरलं. शार्दूलचं डोकं मी काढलेलं नव्हतं. ते काढून, अलीकडे कललेलं दाखवून, पहिली बैठक संपली.

दुसऱ्या बैठकीत माझी वही कामी आली. खुबीची उपयुक्तता ठरवायची तर ती पूर्वी असती तर किती वेळा लागली असती हे पाहावं, हा निकष मीच सुचवला. मी चार संध्याकाळी बसून आकडेवारी काढली. एकूण लढाया एकेचाळीस. एकूण घाव दोनशे बारा. शेजारी साथीदार उभा असताना बसलेले घाव नऊ. या नऊही प्रसंगी ज्याला घाव बसला तो वाचला.

"म्हणजे पाठराखणीशिवाय काही अडलं नाही," मी निष्कर्ष वाचला. "निव्वळ गरज शून्य."

प्रज्ञाने वही ओढून घेतली. "हे बघा, वेताळाच्या गुहेत. तुमी वाचला, कारण मी तुम्हाला पायाला धरून मागं ओढलं. हे, नदीत. अमृतभाऊ वाचले, कारण मी त्यांच्या तोंडात औषध ओतलं. ते कुठं लिहिलंय?"

ते लिहिलेलं नव्हतं. वहीत तसा रकाना नव्हता. तारीख, वेळ, ठिकाण, घाव, परिणाम असे पाच रकाने होते, आणि परिणामाच्या खाली 'वाचला' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. कोणामुळे, हे बातमीत जागा उरली तरच देतात.

"रकाना नव्या वर्षापासून घालता येईल," अमृत म्हणाला.

गेणूभाऊंना आकडेवारी पटली नाही. "कागदावं काय बी दिसतं. आमी कर्ज देताना जागेवं जाऊन म्हस बघायचो. प्रत्यक्ष पाहणी करा."

म्हणून सात मेच्या रविवारी क्लासच्या मागच्या मोकळ्या जागेत प्रत्यक्ष चाचणी झाली. गदा उपलब्ध नसल्याने बियाण्यातून उरलेले बटाटे वापरले. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, प्रज्ञा माझ्या शेजारी. गेणूभाऊंनी बारा पावलांवरून माझ्यावर दहा बटाटे मारले. प्रत्येक वेळी प्रज्ञा आडवी आली. दहाही बटाटे तिला लागले. एक कपाळावर.

"पोरी, लागलं का गं?" गेणूभाऊंनी विचारलं.

"लागायलाच उभी व्हते भाऊ."

मला वाटतं, समितीतल्या इतर तिघांना इथे विषय संपल्यासारखं वाटलं होतं. प्रबुद्ध तर डबा आणायला आत निघाला. पण मी नोंद करत होतो, आणि नोंद करताना माणसाला पुढचं दिसतं. मी लिहिलं: 'साथीदारास एकही बटाटा लागला नाही. सबब, साथीदारावर घाव आला होता हेच सिद्ध होत नाही.'

"अरे, मी तुलाच मारत व्हतो की," गेणूभाऊ म्हणाले.

"तुमचा उद्देश तसा असेल. पण अंमलबजावणी वेगळीकडे झाली."

गेणूभाऊ विचारात पडले. तीस वर्षांच्या सेवेत त्यांनी अनेक योजना अशा पाहिल्या होत्या. अमृतने मार्ग काढला: प्रज्ञाला बाजूला करून पुन्हा दहा मारून बघावेत. तसं केलं. दहापैकी सात मला लागले, एक दातावर. तरीही मी नोंद निर्मळ ठेवली: 'या वेळी खुबी वापरात नव्हती, त्यामुळे ही चाचणी विषयाबाहेरची समजावी.' ओठ सुजल्यामुळे मला ती नीट वाचून दाखवता आली नाही. प्रज्ञाने वाचली. कपाळावरचा ओला रुमाल एका हाताने धरून तिने शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही पेपरात असंच लिहिता का?"

"पेपरात शब्दमर्यादा असते," मी म्हणालो.

चौदा मेला लग्नाची मोठी तिथी होती. समितीचे सर्व सदस्य वेगवेगळ्या पंगतींत बसले होते, त्यामुळे बैठक झाली नाही. पुढच्या रविवारी मी एक मूलभूत मुद्दा उपस्थित केला. प्रज्ञा ही अर्जदार आहे. अर्जदारासमोर अर्जावर चर्चा झाली तर सदस्यांवर दडपण येतं. अमृत म्हणाला, बरोबर आहे. गेणूभाऊ म्हणाले, आमच्या सोसायटीत बी कर्जदाराला भाईरच बसवायचो.

प्रज्ञा आपली कागदपत्रांची पिशवी घेऊन उठली आणि पुढच्या गाळ्यात झेरॉक्सच्या मशीनशेजारी स्टुलावर बसली. तिला हजर होताना द्यायच्या दाखल्यांच्या प्रती काढायच्या होत्या आणि वीज एक वाजता येणार होती. आतून आम्हाला तिचा आवाज येत होता. दर पाच मिनिटांनी कोणीतरी यायचं, आणि ती सांगायची, "लाईट न्हाई. एकला या." आत आम्ही एक वाजेपर्यंत अर्जदाराच्या हेतूवर बोललो. स्वतःहून मार खायला तयार असलेल्या माणसाला त्यातून काय मिळतं, हे आम्हाला कळेना. अमृतचं म्हणणं, यात काहीतरी राजकारण असणार.

अठ्ठावीस मेला मी अहवालाचा मसुदा ठेवला. एकोणचाळीस पानं, दोन परिशिष्टं, बटाट्यांचा तक्ता. प्रबुद्धने तो हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि तो ठेवून दिला.

"मी सूत्रधार आहे," तो म्हणाला. "सूत्रधाराचा शब्द शेवटचा, असं पुस्तकात आहे. तिला खुबी दिली. गदा मी आज खाली आणतो."

"कितव्या पानावर आहे?" मी विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"आपल्याकडे पहिली सोळा पानं नाहीत. त्यात या नियमाला अपवाद दिलेला असू शकतो."

प्रबुद्धने पुस्तक मिटून ठेवलं. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाला समोरची वस्तू चालू न होण्याची इतकी सवय असते की तो लगेच हरतो. गेणूभाऊंनी मसुद्यावर शेरा मारला: 'हरकती व सूचनांसाठी पंधरा दिवस.' अठ्ठावीस मेपासून पंधरा दिवस म्हणजे बारा जून.

चार जून हा शेवटचा रविवार. प्रज्ञा नऊला पाच मिनिटं असतानाच आली होती. कपाळावरची खूण आता जेमतेम दिसत होती. तिने डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं.

"दहा मिनिटं द्या. चिठ्ठी निघंल, घाव मी घेईन, आणि चालत पल्याड जाईन. अहवाल तुम्ही मग निवांत मंजूर करा."

"हरकतींची मुदत बाराला संपते," मी म्हणालो.

"बाराला मी धडगावात."

"पोष्टानं बी चालंल," गेणूभाऊ म्हणाले. "रजिस्टर करायचं फक्त."

"माझी हरकत न्हाईच आहे भाऊ. मीच तर मागतीये."

अमृत खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नियमापुढं माझा बी इलाज न्हाई बघ." नियम आम्हीच मागच्या रविवारी, याच खोलीत, शेंगदाणे खाताना केला होता.

ती माझ्याकडे वळली. "भाऊ, एक सांगा. शार्दूल मेला तर तुम्हाला वाईट वाटंल का?"

खरं तर वाटलं असतं. दोन वर्षं मी आठवड्यातले सहा दिवस इतरांच्या घटना लिहीत होतो, आणि सातव्या दिवशी चार तास माझ्याबाबतीत काहीतरी घडत होतं. त्यातल्या निम्म्या वेळा मी जिवंत राहिलो तो हिच्यामुळे, हेही मला वहीत न बघता आठवत होतं. पण इतिवृत्त मीच लिहीत होतो, आणि स्वतःचं म्हणणं स्वतः नोंदवणं शिष्टाचाराला धरून नाही.

"हा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. रागावलेली दिसली नाही. शाळेत पहिल्या दिवशी अवघड मुलगा कोणता हे हेरणाऱ्या बाईसारखी दिसली. मैनेचा कागद तिने दुमडला, मार्कलिस्ट आणि रहिवासी दाखल्याच्या मधे ठेवला, आणि पिशवीला गाठ मारली. "दादा, येते," ती प्रबुद्धला म्हणाली. प्रबुद्ध तिला एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेला. समिती कोरमअभावी थांबली.

दहा तारखेला ती गेली. मी निरोप द्यायला गेलो नाही. प्रकरण विचाराधीन असताना सदस्याने अर्जदाराला खाजगीत भेटू नये.

बारा तारखेपर्यंत एकही हरकत आली नाही. अहवाल मंजुरीची सभा रविवार, अठरा जूनला सकाळी अकरा वाजता बोलावली. गेणूभाऊ पावण्यांना घेऊन भीमाशंकरला गेले होते. अमृतने फोनवर सांगितलं, "माझं मंजूर धरा राव," पण फोनवरचं मत धरता येत नाही. भारनियमनाचं वेळापत्रक बदललं होतं, रविवारी सकाळी वीज होती, आणि क्लास नव्या बॅचने भरला होता. "बसायचं तर मागं बसा पत्रकार," प्रबुद्ध म्हणाला. "फक्त मोठ्यानं वाचू नका, पोरांना टायपिंग आहे."

कोरम चारचा होता. हजर एक. अशा वेळी सभा अर्धा तास तहकूब करायची, आणि मग त्याच ठिकाणी, कोरमची अट न ठेवता, पुन्हा घ्यायची, अशी सहकारात सोय आहे. मी सभा तहकूब केली. स्टँडवर जाऊन चहा घेतला. परत येऊन सभा सुरू केली. मागील सभेचं इतिवृत्त मनात वाचून कायम केलं. मग पुढील ठराव मांडला आणि तो सर्वानुमते मंजूर झाला:

'"पाठराखण" ही खुबी अत्यंत उपयुक्त असल्याचे ही सभा मान्य करीत आहे. प्रत्येक गटात ही खुबी असलेली किमान एक व्यक्ती असावी. मात्र ती व्यक्ती आपण स्वतः असण्याची आवश्यकता नाही. अर्जदाराने तात्काळ पुलावर हजर व्हावे.'

ठरावाची प्रत मी धडगावला रजिस्टर पोस्टाने पाठवणार होतो. लिफाफा तयार आहे. एकच तांत्रिक अडचण राहिली. सूचक म्हणून माझं नाव आहे, पण ठरावाला अनुमोदक लागतो आणि एकच माणूस दोन्ही होऊ शकत नाही. अनुमोदक असा हवा, जो सर्व बैठकांना हजर होता आणि ज्याने कधी मोडता घातला नाही.

मी सगळी नोंद पुन्हा तपासली. पहिल्या रविवारपासून आपण हे वाचत बसून आहात. बटाटे मोजताना आपण होतात. दातावर बसला तेव्हा आपण हसलात, अशी माझी माहिती आहे. त्या मुलीला उठवून बाहेर स्टुलावर बसवलं, तेव्हा खोलीत राहिलेल्यांमध्ये आपणही होतात, आणि हरकत घेतल्याची नोंद कुठेही नाही.

अनुमोदक म्हणून आपलं नाव घातलं आहे. सही तेवढी करा.